बैठक गळते ती कडांनी

सकाळी सातला अभ्यासिकेत वही उघडायची, रात्री नऊला मिटायची. मेस, चहा, पाय मोकळे करणं वजा जाता दहा तास खुर्चीत. रात्री हिशेब मांडावा तर हाती पंचायतराजची चौदा पानं, त्यातलीही शेवटची पाच डोक्यावरून गेलेली. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना हे गणित तोंडपाठ आहे. त्यावर सगळ्यांना सुचणारा उपायही एकच: उद्यापासून सहाला यायचं. बादली गळतेय म्हणून नळ मोठा सोडण्यासारखं आहे ते.

पुढे आहे ती सहा आठवड्यांची घडी. अभ्यासिकेत ती बसवताना आम्हाला दर वेळी एकच गोष्ट दिसते. बैठक एकदा लागली की मधे लक्ष फारसं उडत नाही. उडतं ते बसल्यापासूनच्या पहिल्या पंधरा मिनिटांत आणि सुट्टी संपवून परत टेकताना. त्यामुळे जवळजवळ सगळी दुरुस्ती या दोन कडांची आहे.

पहिला आठवडा: फक्त खुणा

या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही. सामान तीनच गोष्टींचं: रफ वही, पेन्सिल आणि मनगटी घड्याळ. मोबाईलचं स्टॉपवॉच चालणार नाही, कारण वेळ बघायला उचललेला मोबाईल वेळ बघून खाली ठेवला जात नाही.

बसलात की वहीच्या समासात वेळ लिहा. लक्ष उडालंय असं ज्या क्षणी कळेल त्या क्षणी एक अक्षर टाका आणि परत ओळीवर या. ‘फ’ म्हणजे फोन, ‘वि’ म्हणजे भलताच विचार, ‘आ’ म्हणजे आवाज किंवा शेजारी, ‘अ’ म्हणजे अडलं, कळलं नाही. वाक्य लिहायचं नाही, अक्षर लिहायला एक सेकंद पुरतो. तिसरं अक्षर पडेल तेव्हा शेजारी घड्याळातली वेळ टाका. तिसऱ्या आठवड्यात हा आकडा लागणार आहे.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, खुणा कमी दिसाव्यात म्हणून त्या न मारणं. वही कुणाला दाखवायची नसते, तरी हात आखडतो. दुसरी, खुणा मारायचाच चाळा लागणं. दर मिनिटाला ‘लक्ष आहे ना?’ असं स्वतःला विचारणं हेही लक्ष उडणंच. उडाल्याचं आपोआप लक्षात आलं तरच खूण.

आठवड्याच्या शेवटी अक्षरं मोजलीत की ‘फ’ सगळ्यांत जास्त भरतील. त्यांच्याकडे जरा संशयाने बघा. ‘फ’ पडला तेव्हा पुस्तकातल्या कोणत्या ओळीवर होतात, हे दोन दिवस पेन्सिलीच्या टिंबाने दाखवा. टिंबं वाटेल तिथे पडलेली दिसत नाहीत. ती दिसतात एखाद्या लांबलचक कलमाच्या शेवटी, गणिताच्या दुसऱ्या पायरीवर, आधीच्या परिच्छेदाशी मेळ न खाणाऱ्या आकड्यापाशी. थोडक्यात, आधी अडलं आणि मग हात फोनकडे गेला. निम्म्या ‘फ’ खाली ‘अ’ दडलेला असतो. हे ज्याला दिसत नाही तो महिनाभर फोनशी भांडत बसतो आणि अडलेलं वाक्य तिथेच अडून राहतं.

यावरचा उतारा साधा आहे. अडलं की त्या ओळीला प्रश्नचिन्ह द्यायचं, आपल्याला नक्की काय कळलं नाही ते समासात चार शब्दांत लिहायचं आणि पुढे जायचं. ‘हे कळत नाही’ असं नाही लिहायचं. ‘ग्रामसभा आणि ग्रामपंचायत, अधिकार कुणाचा?’ असं लिहायचं. प्रश्न नेमका झाला की हाताची चुळबूळ थांबते. दिवसाअखेर ही प्रश्नचिन्हं वीस मिनिटांत एकत्र सोडवता येतात. त्यातली बरीचशी पुढच्या पानावरच सुटलेली असतात.

दुसरा आठवडा: बसायची कड

‘राज्यघटना करायची’ असं ठरवून बसलेल्या माणसाला पहिली दहा मिनिटं नेमकं काय करायचं हे ठरवण्यातच जातात, आणि ठरवणं कंटाळवाणं असतं. म्हणून आदल्या रात्री उठण्याआधी उद्याच्या पहिल्या बैठकीची चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवायची. तिच्यात विषयाचं नाव पुरत नाही, क्रियापद लागतं आणि कुठे थांबायचं तेही. ‘पंचायतराज वाचणे’ ही चिठ्ठी वाया गेली. ‘अकराव्या अनुसूचीतले २९ विषय पाच गटांत लावणे, मग न बघता निदान २० लिहिणे’ ही चिठ्ठी कामाची. काम कधी संपलं हे तिच्यावरून तिऱ्हाइतालाही सांगता यावं.

टेबलावर चिठ्ठीचं पुस्तक, एक वही, दोन पेनं, पाण्याची बाटली. बाकी सगळं खाली. पाच विषयांची पुस्तकं समोर रचून बसणं ही आपल्याकडची जुनी हौस, पण नजर एकदा चौथ्या पुस्तकाच्या कण्यावर गेली की ‘भूगोल तर राहिलाच’ हे सुरू होतं.

बैठकीची पहिली पाच मिनिटं हलक्या, यांत्रिक कामाला द्यायची: काल न बघता लिहिलेले मुद्दे आज परत न बघता लिहायचे. नवीन काही नाही. आधीच्या कामाचा गाळ डोक्यात खाली बसायला एवढा वेळ लागतोच. एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली की मन काही काळ पहिल्यातच अडकून राहतं, हे सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं. पहिलं काम अर्धवट सुटलेलं असेल तर जास्तच.

घरच्या काळज्यांचंही तसंच. कर्जाचा हप्ता, बहिणीचं स्थळ, खोलीचं भाडं. हे विचार दाबून दबत नाहीत. मॅसिकॅम्पो आणि बॉमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत अपुरी कामं वाचनात लुडबुड करताना दिसली, आणि त्या कामांचा नेमका बेत आखून घेतल्यावर लुडबुड ओसरली. कामं तेव्हाही पूर्ण झालेली नव्हती. म्हणून ‘वि’ची खूण वारंवार पडत असेल तर चिठ्ठीच्या मागे लिहा: ‘भाड्याचं बोलणं – सव्वा वाजता, मेसला जाताना, काकांना फोन.’ वेळ, जागा, कृती. नुसतं ‘भाडं’ लिहिलंत तर उपयोग नाही, तो विचार पाच मिनिटांनी परत येतो.

फोनचं काय करायचं

टेक्सास विद्यापीठातल्या एका गटाने २०१७ मध्ये फोन टेबलावर, खिशात किंवा दप्तरात आणि दुसऱ्या खोलीत अशा तीन जागी ठेवून लोकांना स्मरणाची कामं दिली. दुसऱ्या खोलीत फोन असणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. पुढे इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा दर वेळी तेच निघालं असं नाही, त्यामुळे ‘फोन नुसता जवळ असला तरी बुद्धी खातो’ असं छातीठोकपणे म्हणणं जरा जास्त होईल. व्यवहारातला मुद्दा वेगळाच आहे: हातात यायला किती सेकंद लागतात? खिशातला फोन दोन सेकंदांत येतो, दप्तराच्या आतल्या कप्प्यातला दहा, लॉकरमधला उठून चालत जाऊन साठ. अडलेल्या वाक्याची चुळबूळ साठ सेकंद टिकत नाही.

‘घरून अर्जंट फोन आला तर?’ हा खरा प्रश्न आहे, सबब म्हणून उडवू नका. अँड्रॉइडमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून घरचे दोन-तीन नंबर तारांकित करता येतात, तेवढेच वाजतात. त्याच ठिकाणी वारंवार फोन करणाऱ्यांना मुभा द्यायची सोय असते: एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन आला तर रिंग होते. घरी एवढंच सांगून ठेवायचं की तातडीचं असेल तर लगेच दुसऱ्यांदा लावा. नाहीतर दर बैठकीला ‘बघून येतो जरा’ चालूच राहतं.

अडचण येते ती लेक्चर फोनवर बघणाऱ्यांची, म्हणजे आता बहुतेकांची. लेक्चर आधीच डाउनलोड करून विमान मोडमध्ये बघायचं, आणि लेक्चरची बैठक वाचनाच्या बैठकीपासून वेगळी ठेवायची. दोन्ही एकत्र केलंत की वाचताना ‘सर काय म्हणाले होते ते बघू’ म्हणून फोन परत टेबलावर. टेलिग्रामचे गट संध्याकाळी एकदाच, वीस मिनिटं. तिथल्या पीडीएफ उतरवून ठेवल्या की वाचल्यासारखं वाटतं, ही सगळ्यांत महाग भूल. घड्याळ, गजर आणि कॅल्क्युलेटर या तीन सबबी तर या वस्तू वेगळ्या घेतल्या की कायमच्या मिटतात.

अ‍ॅप बंद ठेवणारी अ‍ॅप्स पहिला आठवडा छान चालतात. दुसऱ्या आठवड्यात ती काढून टाकायची वाट सापडते, आणि तिसऱ्या आठवड्यात माणूस लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप उघडून बसलेला असतो.

तिसरा ते पाचवा: बैठकीची लांबी

पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी ही पोमोडोरो पद्धत सगळ्यांना माहीत असते. फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर ती बसवली. पण पंचवीस हा काही पवित्र आकडा नाही. ज्याचं लक्ष बारा मिनिटांत तीनदा उडतं त्याला तो मोठा आहे, आणि राज्यसेवा मुख्य परीक्षेच्या तीन तासांच्या वर्णनात्मक पेपरची तयारी करणाऱ्याला फारच लहान.

आपला आकडा पहिल्या आठवड्याच्या वहीत आहे. प्रत्येक बैठकीत तिसरी खूण किती मिनिटांनी पडली ते लहान ते मोठं असं ओळीने मांडा आणि बरोबर मधला आकडा उचला. तो सतरा निघाला तर सुरुवात पंधराने. दर तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवायची, पण तिन्ही दिवस प्रत्येक बैठकीत खुणा तीन किंवा कमी असतील तरच. सलग दोन दिवस सहाच्या वर गेल्या तर पाच मिनिटं मागे. या चालीने पंधराचे पन्नास व्हायला अडथळा न येता एकवीस दिवस लागतात. अडथळे येतातच, तेव्हा पाचव्या आठवड्याअखेर चाळिसावर असलात तरी गाडी रुळावर आहे.

पन्नास मिनिटं सलग वाचू नका. १९४८ मध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या कामाचा अभ्यास करताना एक घड्याळ बनवलं. काटा दर सेकंदाला एक घर सरके, क्वचित दोन घरं, आणि ती दुहेरी उडी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच लोक उड्या चुकवू लागले. नुसतं डोळ्यांखालून घातलेलं पान हे जवळपास तसलंच काम: काटा फिरतोय, आपण बघतोय. म्हणून बैठकीच्या आत कामाची जात बदलायची. आमच्याकडे चांगली बसलेली वाटणी अशी: २० मिनिटं वाचन, पुस्तक मिटून ८ मिनिटं आठवेल ते लिहिणं, ५ मिनिटं पुस्तकाशी ताडणं, १२ मिनिटांत मागच्या वर्षांचे १० प्रश्न, शेवटची ५ मिनिटं बांधाबांध. प्रश्नांचा वेग मुद्दाम तेवढा ठेवलाय. राज्यसेवा पूर्वच्या सामान्य अध्ययनात १२० मिनिटांत १०० प्रश्न असतात, म्हणजे एकाला ७२ सेकंद, दहाला बारा मिनिटं. गणित-उताऱ्यांचा सीसॅट असेल तर १२० मिनिटांत ८०, म्हणजे बारा मिनिटांत आठच घ्या.

सगळ्यांत जास्त लोक गळतात ते त्या आठ मिनिटांपाशी. पुस्तक मिटलं आणि पंचायतराजच्या ७३ व्या घटनादुरुस्तीबद्दल लिहायला घेतलं की तीन मुद्दे येतात. लागू झाल्याची तारीख २४ एप्रिल १९९३ होती की १ जून, इथे गाडी थांबते (१ जून ७४ व्या दुरुस्तीची, नगरपालिकांची). वाचताना तर सगळं येत होतं! हा अपमान सहन होत नाही म्हणून पुस्तक परत उघडलं जातं आणि तेच पान दुसऱ्यांदा, अधिक गुळगुळीत वाचलं जातं. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये हेच तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून लिहिणारे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. शिवाय आठवून लिहिताना हाताला आणि डोक्याला काम असतं, त्यामुळे त्या आठ मिनिटांत खुणा जवळपास पडतच नाहीत. वहीत हे डोळ्यांनी दिसतं.

उठायची कड

शेवटच्या पाच मिनिटांची बांधाबांध म्हणजे परत आल्यावर कुठून धरायचं याची खूण. प्रकरण संपवून, पुस्तक मिटून, ‘चला, झालं’ म्हणत उठणं गोड वाटतं, पण परत आल्यावर समोर कोरं पान. त्यापेक्षा पुढच्या गणिताची पहिली पायरी मांडून ठेवा, किंवा पुढचा मुद्दा अर्ध्या वाक्यावर सोडा. परत बसल्यावर वाक्य पुरं करायला विचार लागत नाही आणि गाडी चालू होते.

सुट्टी दहा मिनिटांची. उठायचं, पाणी प्यायचं, जिना एकदा उतरून चढायचा, लांबच्या झाडाकडे बघायचं. फोन नाही, वर्तमानपत्रही नाही. डोळे आणि भाषा हीच दोन यंत्रं बैठकीत राबलेली असतात, सुट्टीत परत तीच जुंपली तर विश्रांती कशाची झाली?

टपरीवरचा चहा ही वेगळी गोष्ट. चहा तीन मिनिटांत संपतो. उरलेली पस्तीस मिनिटं जाहिरात कधी येणार, जागा किती, निकाल कोर्टात का अडकला यात जातात. आणि खरा तोटा त्या पस्तीस मिनिटांचा नसतोच. ती चर्चा पुढच्या बैठकीच्या पहिल्या वीस मिनिटांत डोक्यात घुमत राहते, वहीत ‘वि’ची रांग लागते. टपरी बंद करा असं सांगण्यात अर्थ नाही, एकट्याने राहणाऱ्यांना तेवढाच माणसांचा सहवास असतो. फक्त ती तिसऱ्या बैठकीनंतर ठेवा, आणि परतल्यावर नवं वाचन न घेता प्रश्न सोडवायला घ्या. चहातलं कॅफिन अंगातून निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमीजास्त. अकराला झोपणाऱ्याने शेवटचं कटिंग चार-साडेचारला घ्यावं.

जेवणानंतर दोन ते चार पेंग येते ती येतेच, भात कमी केला तर थोडी कमी येते. पंधरा-वीस मिनिटांची डुलकी गजर लावून घ्या. तासभर झोपलात तर उठल्यावर डोकं जड. एरवी या वेळेत नकाशे, आकडेमोड, उभ्याने करायचं काम चालतं. पूर्व परीक्षेच्या आधीचे दोन महिने मात्र दुपारी सीसॅटच सोडवा, कारण तो पेपर दुपारीच असतो आणि पेंग परीक्षा बघून थांबत नाही.

खोली, घर आणि बाकीचं

खिडक्या बंद करून एसी लावलेल्या खोलीत चाळीस माणसं बसली की तासाभरात हवा कोंदते आणि सगळ्यांना एकदम जांभया येतात. तिथे दोष इच्छाशक्तीचा नसतो, दर तासाला दार पाच मिनिटं सताड उघडायला सांगा. पंख्याची एकसारखी घरघर चालते, शेजारची कुजबुज चालत नाही, कारण शब्द कानावर पडले की मन ते आपसूक लावायला बघतं. मराठी पुस्तक वाचताना मराठी गाणी लावणं याच कारणाने नडतं. फार्मसीतले कानात घालायचे मऊ बोळे पुरेसे आहेत.

घरी राहून अभ्यास करणाऱ्यांना, त्यातही घरकाम अंगावर असलेल्या मुली-सुनांना पन्नास मिनिटांची बैठक दिवसात एखादीच मिळते. तिची जागा पहाटे, कुकर लागायच्या आधी. बाकी दिवस तुकड्यांचा असतो हे गृहीत धरूनच चिठ्ठ्या करा: एका डब्यात पंधरा मिनिटांत संपणाऱ्या कामांच्या दहा चिठ्ठ्या, मोकळा वेळ हाती आला की वरची उचलायची. काय करू हे ठरवण्यात तुकडा जायला नको.

घडी एकदा तरी मोडते. गणपती, घरचं लग्न, लागलेला निकाल. चार दिवस गेले की पाचव्या दिवशी लोक जुन्या पन्नास मिनिटांना हात घालतात, दहाव्या मिनिटाला कोसळतात आणि आठवडा घालवतात. सुट्टीनंतर दहा मिनिटं खाली उतरून सुरू करा, तीन-चार दिवसांत जागेवर येता. रात्री पाच तास झोपून यातलं काहीच चालत नाही. सात तास हवेत, याला पळवाट नाही.

आणि सहा आठवडे नीट पाळूनही खुणांत काहीच फरक पडला नसेल, किंवा लहानपणापासूनच वर्गात, घरात, सगळीकडे असंच होत आलं असेल, मन सारखं उदास असेल, झोप उडाली असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड या दोन साध्या तपासण्यांतही कारण सापडू शकतं. लक्षाचा विकार मोठेपणीही ओळखता येतो आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

सहाव्या आठवड्यानंतर रोज खुणा मारायची गरज नाही. बुधवारी एक दिवस मारा, कारण सोमवारचा जोर आणि शनिवारचा थकवा दोन्ही त्यात येत नाहीत. बुधवारच्या पानावर ‘फ’ परत वाढलेले दिसले तर आधी टिंबं टाकून बघा, कोणत्या ओळीवर पडतायत ते.